झूल, कडबा आणि थॉरोब्रेडचा हिवाळा

सारंगखेड्याला तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, आणि खानदेशातली थंडीही साधारण त्याच सुमारास जोर धरू लागते. या बाजारात मारवाडी, काठेवाडी आणि पंजाबकडचे नुकरे (पांढरे) घोडे अधिक दिसतात. शर्यतींसाठी पैदास होणारी थॉरोब्रेड ही जात त्या मानाने विरळा. तरीही शर्यतीतून निवृत्त झालेला एखादा थॉरोब्रेड हौशी शेतकऱ्याच्या मळ्यात येतो, तेव्हा त्याला रात्री उघड्यावर ठेवावे की बंद तबेल्यात, हा प्रश्न पहिल्याच थंडीत उभा राहतो. जात नाजूक असल्यामुळे दारे-खिडक्या लावाव्यात, शेकोटी पेटवावी आणि दोन झुली चढवाव्यात, असा सल्ला त्याला बहुधा मिळतो. या सल्ल्याचा बराचसा भाग घोड्याच्या शरीराकडे न पाहता, आपल्याला किती थंडी वाजते यावरून दिलेला असतो.

थॉरोब्रेडच्या नाजूकपणात तथ्य मुळीच नाही, असे मात्र नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये आणलेल्या बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपर्यंत आजच्या प्रत्येक थॉरोब्रेडची पितृवंशावळ जाऊन पोहोचते. १७९१ पासून त्यांच्या वंशावळीची छापील नोंदही आहे. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली ती वेगासाठी, त्यामुळे कातडी पातळ, केस बारीक व आखूड आणि कातडीखालची चरबी बेताची राहिली. डोंगराळ भागातल्या ठेंगण्या तट्टापेक्षा याचे आवरण नक्कीच तोकडे आहे. पण त्या आवरणाच्या आत सुमारे ४५० ते ५०० किलोंचे, ३८ अंशांच्या आसपास तापलेले शरीर आहे, आणि मोठ्या शरीराची उष्णता लहान शरीरापेक्षा सावकाश निघून जाते.

उष्ण रक्ताच्या प्रत्येक प्राण्यासाठी तापमानाचा एक खालचा उंबरठा असतो. त्याच्या वर शरीराला ऊब टिकवण्यासाठी वेगळी ऊर्जा जाळावी लागत नाही. आखूड केसांच्या, सौम्य हवामानाला सरावलेल्या घोड्यासाठी हा उंबरठा ५ अंश सेल्सिअसच्या आसपास मानला जातो; कॅनडासारख्या देशात, हिवाळी केसांचा पूर्ण थर आलेल्या आणि थंडीला सरावलेल्या घोड्यासाठी तो उणे १५ अंशांपर्यंतही खाली जातो. जळगाव-धुळ्याकडे थंडीच्या लाटेत पारा ८-१० अंशांवर येतो आणि काही रात्री ६-७ अंशांपर्यंतही उतरतो. सातपुड्यात तोरणमाळ, डाब या भागांत दव गोठल्याच्या बातम्या येतात, तो भाग वेगळा धरायला हवा. सपाटीवर मात्र कोरड्या रात्री थॉरोब्रेडसुद्धा बहुतेक वेळा आपल्या उंबरठ्याच्या वरच असतो. पारा १० अंशांखाली गेला की केळीची वाढ खुंटते, म्हणून रावेर-यावलचे बागायतदार रात्री बागेत धूर करतात. त्याच रात्री शेजारच्या वावरातल्या धडधाकट, कोरड्या घोड्याला विशेष काही झालेले नसते. उलट, तो धूर त्याच्या ठाणाकडे येणार नाही याचीच काळजी घ्यावी लागते.

हे सारे ज्या केसांच्या भरवशावर चालते, ते केस थंडी पडल्यावर उगवत नाहीत. घोड्याचे शरीर दिवसाची लांबी मोजते. डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशावरून मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलॅटोनिन हे संप्रेरक किती काळ स्रवायचे ते ठरवते. रात्री लांबत गेल्या की प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक कमी होते आणि हिवाळी केसांची तयारी सुरू होते. म्हणजे आपण पावसाची वाट पाहत असतो, तेव्हा २१ जूननंतर उलटे फिरलेले घड्याळ घोड्याच्या शरीरात नोंदले गेलेले असते. खानदेश २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. इथे सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेतेरा तासांचा आणि सर्वांत लहान दिवस अकरा तासांना थोडा कमी असतो. लंडनमध्ये हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा आहे. इशारा सौम्य आणि हवाही ऊबदार, त्यामुळे इथल्या थॉरोब्रेडला इंग्लंडमधल्या भावंडाइतके दाट केस येण्याची अपेक्षा ठेवू नये.

त्यात आणखी एक गोम आहे. केस आखूड व चकचकीत राहावेत म्हणून काही तबेल्यांत संध्याकाळनंतरही दिवे चालू ठेवतात किंवा केस यंत्राने कापून टाकतात. असा घोडा डिसेंबरमध्ये विकत आणून थेट उघड्यावर बांधला, तर कोरड्या थंडीबद्दल वर जे म्हटले ते त्याला तसेच्या तसे लागू होत नाही. त्या हिवाळ्यात त्याला रात्रीची झूल लागेल. शरीराला थंडीचा सराव व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, पण केसांचे वेळापत्रक काही महिन्यांचे आहे. म्हणून घोडा बाहेर ठेवायचा असेल, तर पावसाळा ओसरतानाच त्याला बाहेरची सवय लावावी.

ज्याला केस आहेत त्याच्यावर मात्र झूल विचार करून घालावी. थंडी वाजली की प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला बारीक स्नायू केस उभा करतो आणि केसांच्या मधोमध हवेचा थर अडकतो. खरे आवरण हीच हवा आहे. पातळ झूल केस दाबून हा थर मोडते आणि त्या मोबदल्यात फारशी ऊब देत नाही. खानदेशात याहून मोठी अडचण सकाळी दहानंतर येते. पहाटे ८ अंश असलेला पारा दुपारी २८ वर जातो, आणि मोतद्दार झूल काढायला विसरला तर तिच्याखाली घोडा घामाने भिजतो. नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ घोड्यांना फलकावरील चिन्हाला नाक लावून झूल घालायची, काढायची की आहे तसेच राहू द्यायचे, हे सांगायला शिकवले होते. ऊन असेल तेव्हा त्यांनी झूल काढायला सांगितली. पाऊस, वारा आणि गारठा एकत्र आल्यावर ती मागितली.

खरी भीती पाण्याची आहे. केस भिजून चिकटले की हवेचा थर संपतो आणि उंबरठा १५ अंशांच्या घरात जातो. डिसेंबर-जानेवारीतल्या अवकाळी पावसाची एक रात्र कोरड्या थंडीच्या आठवड्यापेक्षा घोड्याला जड जाते, आणि दिवसचे दिवस ओली राहिलेली पाठ जिवाणूंमुळे खपल्या धरते, ते निराळेच. म्हणून बंद खोली नको, पण निवारा हवा: डोक्यावर पत्रा, उत्तर आणि पूर्वेकडून तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा दाट कूड, दक्षिणेची बाजू मोकळी आणि पायाखाली पाणी न साचणारी उंच जमीन. बंद तबेल्यात मुतारीतून निघणारा अमोनिया आणि कडब्याची धूळ श्वासनलिकेला त्रास देतात, आणि थॉरोब्रेडची सारी मिजास त्याच्या फुप्फुसांवर असते.

ऊब बाहेरून देण्यापेक्षा आतून मिळते, आणि ती चंदीपेक्षा, म्हणजे धान्याच्या खुराकापेक्षा, चाऱ्यातून अधिक मिळते. घोड्याचे आंधळे आतडे आणि मोठे आतडे मिळून शंभर लिटरहून अधिक जागा आहे. तिथे सूक्ष्मजीव तंतुमय चारा आंबवतात आणि त्यातून तासन्‌तास उष्णता निघत राहते. धान्यातला स्टार्च लहान आतड्यात लवकर पचतो. जास्त झाला तर मागे जाऊन आम्ल वाढवतो आणि पोटशूळ किंवा खुरांचा दाह ओढवतो. पारा उंबरठ्याखाली गेल्यास प्रत्येक अंशामागे सुमारे दोन ते अडीच टक्के जास्त ऊर्जा लागते. ही भर चाऱ्यातून घालावी, आणि जास्तीची पेंढी संध्याकाळी टाकावी म्हणजे रात्रभर चघळणे चालू राहील. ५०० किलोंच्या घोड्याला एरवीही दिवसाला दहा किलोंच्या आसपास कोरडा आहार लागतो.

दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, पक्का, वाळलेला कडबा कुट्टी करून आणि जोडीला थोडा लसूणघास दिला, तर हे भागते. ज्वारीचे कोवळे फुटवे मात्र देऊ नयेत, त्यांच्यातून पोटात विषारी सायनाइड सुटते. त्याहून कडक पथ्य मक्याचे पाळावे. अवकाळीत भिजून बुरशी धरलेल्या मक्यात फ्युमोनिसिन हे विष तयार होऊ शकते. त्याने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग विरघळू लागतो आणि त्यावर इलाज नाही. असा मका झटकून, वाळवून किंवा निवडूनही घोड्यापुढे ठेवू नये.

हिरव्या गवतात तीन-चतुर्थांश पाणीच असते आणि कडब्यात ते दहा टक्क्यांच्या आसपास. चारा बदलला की पिणे वाढायला हवे, पण रात्रभर उघड्या टाकीत गारठलेले पाणी घोडा कमी पितो आणि आतड्यात कोरडी लीद अडकते. इथे खानदेशी विहीर उपयोगी पडते. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ राहत असल्याने ते पहाटे कोमट लागते. टाकी रात्रीच भरून ठेवण्याऐवजी सकाळी ताजे पाणी उपसून पाजावे.

घोडा वाळतो आहे का, हे हिवाळी केसांमुळे डोळ्यांना उशिरा कळते. पंधरा दिवसांतून एकदा खरारा करताना तळहात बरगड्यांवरून सपाट फिरवावा. बरगड्या हलक्या दाबाने लागल्या, पण मधल्या खाचा जाणवल्या नाहीत, तर सारे ठीक आहे. खाचा लागू लागल्या, तर झुलीच्या आधी चारा वाढवावा आणि दात व जंत पशुवैद्याकडून तपासून घ्यावेत.