ईसीएम तापलाय की वायरिंग सडलंय?

पुण्यात 1995 साली मर्सिडीज-बेंझच्या गाड्यांची जोडणी सुरू झाली ती डब्ल्यू124 या मॉडेलने. त्यातल्या पेट्रोलवरच्या ई220 काही हौशी मालकांनी अजून जपल्या आहेत. या वयाच्या गाडीची एक तक्रार बहुधा ठरलेली असते. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, ट्रॅफिकमध्ये तासभर काढला की मिसिंग मारते, सिग्नलला बंद पडते आणि थोडी निवली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. तापमानाचा काटा जागेवर असतो, रेडिएटरही ठीक. मग गॅरेजमधून निकाल येतो: ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, तापतोय, बदला.

काटा जागेवर असला म्हणून ईसीएम थंड आहे असं होत नाही, हे खरं. तो काटा इंजिनमधल्या पाण्याची खबर देतो, इंजिनच्या संगणकाची नाही. पण उष्णतेने बिघडणाऱ्या गोष्टी दोन आहेत. एक ईसीएम, दुसरं त्याच्यापासून इंजिनपर्यंत जाणारं वायरिंग. दोघांची लक्षणं इतकी सारखी की एकाचा दोष दुसऱ्यावर सहज ढकलला जातो.

आधी ईसीएम. इंजिन चालू असताना पंख्याचा आणि वाऱ्याचा झोत सुरू असतो. गाडी बंद केली की तो थांबतो, इंजिनची धग मात्र राहते. म्हणून गाडी उभी केल्यानंतरची काही मिनिटं बॉनेटखाली सगळ्यात वाईट असतात. ईसीएममधला सर्किट बोर्ड वर्षानुवर्षं तापतो-निवतो, प्रसरण-आकुंचनाने सोल्डरच्या जोडाला केसाएवढी चीर पडते. तापल्यावर ती उघडते, निवल्यावर पुन्हा जुळते. दुसरा कच्चा दुवा म्हणजे बोर्डावरचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, वीज साठवणारा छोटा भाग. त्यातला द्रव उष्णतेने हळूहळू सुकतो किंवा गळतो. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी कमी राहिलं तर त्याचं आयुष्य जवळपास दुप्पट होतं. ईसीएम थंड ठेवण्याचा सगळा खटाटोप यासाठीच.

मर्सिडीजने हे ओळखलं होतं. डब्ल्यू124 मध्ये कंट्रोल युनिट्स इंजिनखोलीच्या मागच्या बाजूला झाकणबंद प्लास्टिकच्या डब्यात असतात, आणि त्या काळच्या बऱ्याच मॉडेलांत त्या डब्याला छोटा पंखाही आहे. तो केबिनमधली हवा डब्यात खेळवतो. बीएमडब्ल्यूनेही काही मॉडेलांत अशीच सोय केली. रेडिएटरच्या पंख्याशी याचा काही संबंध नाही. हा छोटा पंखा बंद पडला तर काटा हलत नाही, दिवा लागेलच असं नाही, म्हणून कोणी तपासतही नाही. आपल्या गाडीत असा पंखा असेल तर तो फिरतो का, हे तपासण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही.

आता वायरिंग, आणि माझ्या मते या पिढीच्या मर्सिडीजमध्ये पहिला संशय इथेच घ्यायला हवा. साधारण 1992 ते 1995 या काळातल्या पेट्रोल इंजिनांच्या हार्नेसवरचं, म्हणजे वायरींच्या जुडग्यावरचं, इन्सुलेशन उष्णतेने कडक होऊन भुगा होतं, हे जगभरच्या मालकांना ठाऊक आहे. बाहेरचं काळं आवरण धडधाकट दिसतं. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरजवळ ते जरासं मागे सारलं की आतल्या वायरीचं वेष्टण बोटाला चिकटून गळून पडतं आणि तांबं उघडं दिसतं. दोन उघड्या वायरी टेकल्या की ईसीएमला चुकीचा सिग्नल जातो किंवा सरळ शॉर्ट होतो. इंजिन तापल्यावर, हलल्यावर हे जास्त घडतं, म्हणून तक्रार हुबेहूब ईसीएमसारखी वाटते.

फरक ओळखायचा कसा? इंजिन आयडलिंगला ठेवून हार्नेस हलक्या हाताने हलवा. त्याच क्षणी इंजिन अडखळलं तर दोष वायरिंगचा. पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवा, आणि वायरी वाकवू नका, उरलंसुरलं वेष्टणही जाईल. उलट, इंजिन गार असताना ईसीएमच्या डब्यात हेअर ड्रायरची कोमट हवा सोडली आणि तक्रार उगवली, तर संशय ईसीएमवर जातो. ड्रायर लांबूनच धरा. निरोगी बोर्ड भाजून काढण्यात अर्थ नाही. एसी लावल्यावर गाडी सुधारते या निरीक्षणावर मात्र मी विसंबणार नाही. केबिनची गार हवा डब्यात जाते हे खरं, पण एसीबरोबर पुढचा पंखाही फिरतो आणि रेडिएटरपुढच्या एसीच्या कंडेन्सरची उष्णताही वाढते, त्यामुळे श्रेय नेमकं कोणाला हे कळत नाही. इंजिनचं फिरणं टिपणारा क्रँक सेन्सरही तापल्यावर असाच दगा देतो. तो या दोन्हींपेक्षा खूप स्वस्त आहे, तो आधी तपासून घ्या.

ईसीएम गार राहावा म्हणून डब्याला भोकं पाडायचा सल्ला मिळाला तर कृपा करून ऐकू नका. भोकातून इंजिनचीच गरम हवा आत येते, आणि पावसाळ्यात पाणी. झाकणाचं रबर नीट बसलेलं हवं. वायपरखालच्या खाचेतली पानं जूनच्या आधी काढायला हवीत, तिथला निचरा तुंबला की पाणी वाट काढत डब्यापर्यंत येतं. कोकणात गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर हे दर काही आठवड्यांनी बघावं. ज्या जुन्या गाड्यांत ईसीएम डॅशबोर्डखाली किंवा पायाशी असतो, तिथे इंजिनच्या उष्णतेची चिंता कमी. मॅटखाली साचणारी ओल जास्त घातक.

दोन्ही संशयास्पद असतील तर खर्चाचा क्रम महत्त्वाचा: आधी हार्नेस, मग ईसीएम. उघड्या वायरींवर नवा किंवा दुरुस्त केलेला ईसीएम लावला तर पहिल्याच शॉर्टमध्ये तोही जाऊ शकतो. ईसीएमचा कनेक्टर काढण्याआधी इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. जुन्या बाजारातून त्याच सालच्या गाडीचा हार्नेस उचलू नका, त्याचं इन्सुलेशनही त्याच मालाचं आणि त्याच वयाचं असतं. नवा हार्नेस घेताना त्यावरच्या लेबलची तारीख वाचा, म्हणजे त्याच जुन्या मालाचा पदरी पडणार नाही. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाला तर उष्णता सोसणाऱ्या वायरी वापरून, जुने कनेक्टर ठेवून, तो नवा बांधूनही देतो.