वायू हवा झुआरीनगरला, शेगडीला नको

फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यातल्या बेतूलला ‘इंडिया एनर्जी वीक’ ही ऊर्जा परिषद भरली, तेव्हा कतारकडून द्रवरूप नैसर्गिक वायू घेण्याचा करार झाला: 2028 ते 2048, दर वर्षी 75 लाख टन. इकडे 2050 पर्यंत सगळी वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचं गोवा सरकारचं उद्दिष्ट आहे. म्हणजे वायू अजून बरीच वर्षं येत राहणार. तो कुठे वापरायचा, हे मात्र आत्ताच ठरवायला हवं.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. कोळशावर एक युनिट वीज बनवताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आधुनिक वायुकेंद्रात 400 ग्रॅमच्या आसपास. पण हाच मिथेन न जळता हवेत निसटला, तर वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त तापदायक ठरतो. विहिरीपासून वीजकेंद्रापर्यंत तीनेक टक्के गळती झाली, की त्या वीस वर्षांपुरता कोळशावरचा फायदा संपला. शिवाय जहाजातून आणायचा तर वायू उणे 162 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. त्यालाही ऊर्जा लागते.

आता गोव्यातल्याच झुआरीनगरचा खत कारखाना घ्या. पूर्वी तिथे नाफ्था, म्हणजे खनिज तेलापासून मिळणारा द्रव पदार्थ वापरत. 2013 मध्ये दाभोळ-बंगळूर वायुवाहिनी सुरू झाली आणि त्यानंतर कारखाना वायूवर आला. इथे वायू नुसता जाळत नाहीत, तो कच्चा माल आहे. निकेलचा उत्प्रेरक भरलेल्या तापलेल्या नळ्यांतून मिथेन आणि वाफ एकत्र सोडतात. सुमारे 800 अंशांना मिथेन फुटतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. हवेतल्या नायट्रोजनशी त्याचा संयोग झाला की अमोनिया. वायूतला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. तो पकडून अमोनियाशी जोडला, की युरिया तयार.

सौर किंवा पवन विजेवर पाणी फोडून हायड्रोजन मिळवता येतो, त्यामुळे अमोनिया उद्या वायूशिवायही बनेल. युरियाचं तसं नाही, त्याला कार्बन हवाच. वायू बंद केला तर तो कार्बन दुसरीकडून आणावा लागेल. आणि शेतात युरिया पडला, की काही दिवसांत तो कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणूनच हा कारखाना वायूवरून उतरवणं सर्वांत कठीण आहे. वायू राखून ठेवायचाच, तर अशा कामांसाठी.

स्वयंपाकघराची गोष्ट वेगळी. नळाच्या गॅसला सिलिंडरची वाट पाहावी लागत नाही. हवेपेक्षा हलका असल्यामुळे गळला तर वर जातो, सिलिंडरच्या गॅससारखा जमिनीलगत साचत नाही. ही सोय खरीच आहे. पण तेवढ्याच उष्णतेसाठी कार्बन फार तर दहा-बारा टक्के कमी होतो, आणि एकदा पुरलेली वाहिनी तीस-चाळीस वर्षं वापरली जाणारच. ज्या घरात इंडक्शन चालू शकतं, तिथे नव्यानं जोडणी देणं मला पटत नाही. पावसाळ्यात वीज जाते, हा आक्षेप अगदी रास्त आहे. त्यावर उपाय भूमिगत वीजवाहिन्यांचा. रस्ता खोदायचाच, तर त्यांच्यासाठी खोदावा.

साळगावच्या प्रकल्पात किनारपट्टीतल्या हॉटेलांच्या ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस बनतो, त्यावर वीजही तयार होते. तो गॅस शुद्ध केला की उरतो मिथेनच, वाहिनीत मिसळण्याजोगा. 2028-29 पासून शहरी गॅस कंपन्यांना असा 5 टक्के वायू मिसळणं बंधनकारक होणार आहे. उरलेले 95 टक्के जमिनीखालच्या साठ्यांतूनच यायचे, त्यामुळे बायोगॅसच्या नावावर घरोघरी जोडण्या वाढवू नयेत. गोव्याचा ओला कचरा सगळ्या शेगड्यांना पुरणार नाही. त्यातला वायू ज्या भट्ट्यांना विजेचा पर्याय परवडत नाही त्यांना आधी मिळावा.