झिओलाइट : उकळणाऱ्या दगडाचे नाव

ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पारसिकच्या डोंगराचे काळे कातळ दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा खडक, म्हणजे बसाल्ट. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूंचे बुडबुडे पोकळ्यांच्या रूपाने मागे राहिले आणि पुढे खडकात झिरपलेल्या कोमट पाण्याने त्यांत पांढरी खनिजे साठवली. आपण त्यांना सरसकट गारगोटी म्हणतो, पण खऱ्या गारगोटीवर चाकूच्या टोकाने ओरखडा उठत नाही. तो उठला आणि व्हिनेगरच्या थेंबाने फेसही आला, तर ते बहुधा कॅल्साइट असते. फेस आला नाही, तर ते झिओलाइट असण्याची बरीच शक्यता असते.

झिओलाइट हे नाव १७५६ साली आक्सेल फ्रेड्रिक क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञाने दिले. निकेल या मूलद्रव्याचा शोधही त्याचाच. फुंकनळीच्या ज्योतीत एक खनिज तापवताना ते फसफसून फुगते, त्यातून वाफ निघते, हे पाहून त्याने ग्रीकमधील ‘झेओ’ म्हणजे उकळणे आणि ‘लिथोस’ म्हणजे दगड हे शब्द जोडले. खनिजांना सापडलेल्या गावाचे किंवा एखाद्या थोर व्यक्तीचे नाव देण्याची रीत आहे. त्यापेक्षा दगडाच्या वागण्यावरून पडलेले हे नाव मला फार मोलाचे वाटते, कारण त्या वागण्यातच त्याच्या रचनेची खूण होती.

ती रचना विसाव्या शतकात क्ष-किरणांमुळे उलगडली. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची पक्की चौकट, तिच्यात रेणूंच्या मापाचे बोगदे आणि त्या बोगद्यांत सैलसर बांधलेले पाणी व सोडियम, कॅल्शियम यांसारखे धनभारित आयन, अशी ती आहे. बेताने तापवले की पाणी निघून जाते, पण चौकट बहुधा शाबूत राहते आणि थंड झाल्यावर हवेतली ओल पुन्हा शोषून घेते. आयनांचीही अदलाबदल होते. धुण्याच्या अनेक पावडरींत कृत्रिम झिओलाइट घालतात, तो याचसाठी: तो जड पाण्यातले कॅल्शियम पकडून बदल्यात सोडियम सोडतो.

कोरोनाच्या काळात अनेक रुग्णालयांच्या आवारात उभ्या राहिलेल्या ऑक्सिजन प्लांटमध्येही कृत्रिम झिओलाइटचेच दाणे असतात. हवेत नायट्रोजन सुमारे ७८ टक्के असतो. दाबाखालची हवा या दाण्यांतून सोडली, की झिओलाइटमधले आयन नायट्रोजनला ऑक्सिजनपेक्षा अधिक घट्ट धरून ठेवतात आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब उतरवला, की नायट्रोजन सुटून बाहेर पडतो आणि तेच दाणे पुढच्या फेरीसाठी मोकळे होतात. अशा दोन टाक्या आळीपाळीने चालवल्या, की रुग्णाच्या खाटेपर्यंतचा पुरवठा अखंड राहतो.