मोटारीच्या दिशादर्शक दिव्यांतील बिघाड व दुरुस्ती

मोटार कोणत्या बाजूला वळणार आहे याची आगाऊ सूचना मागच्या-पुढच्या वाहनांना देणाऱ्या, उघडझाप करणाऱ्या दिव्यांना दिशादर्शक दिवे किंवा नेहमीच्या बोलण्यात इंडिकेटर म्हणतात. पूर्वी काही मोटारींच्या बाजूला उचलला जाणारा प्रकाशित बाण बसवलेला असे; ब्यूइक या अमेरिकी मोटारीत विजेवर चालणारे उघडझाप दिवे १९३९ मध्ये आले आणि पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यांची उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा व्हावी अशी अपेक्षा असते. या दिव्यांतील बहुतेक बिघाड किरकोळ खर्चात दुरुस्त होण्याजोगे असतात. मात्र भाग बदलण्याआधी लक्षणे नीट पाहिली नाहीत, तर चांगला फ्लॅशर रिले (दिव्यांचा प्रवाह ठरावीक गतीने जोडून-तोडून उघडझाप घडवणारा भाग) काढून टाकला जातो आणि दोष जागेवरच राहतो.

फिलामेंटच्या, म्हणजे तापून उजळणाऱ्या बारीक तारेच्या, बल्बवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या मोटारीत पुढे व मागे प्रत्येकी २१ वॉटचा एक बल्ब आणि बाजूला ५ वॉटचा एक छोटा बल्ब अशी रचना सर्रास आढळते. म्हणजे एका बाजूचे तिन्ही बल्ब मिळून ४७ वॉट, अर्थात सुमारे ४ अँपिअर प्रवाह घेतात. हा प्रवाह फ्यूजमधून फ्लॅशर रिलेकडे, तेथून स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचकडे, पुढे बल्बकडे आणि शेवटी मोटारीच्या सांगाड्यातून, म्हणजे अर्थमधून, बॅटरीकडे परत जातो. धोक्याच्या वेळी चारही कोपऱ्यांतले दिवे एकदम लावणारे हझार्ड बटण याच मंडलाला जोडलेले असते, पण त्याला वीज थेट बॅटरीकडून मिळते. वळण्याच्या दिव्यांना मात्र ती चावी फिरवल्यानंतरच मिळते. निदानाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे.

पहिला पुरावा उघडझापीच्या वेगातच मिळतो. एका बाजूचे इंडिकेटर नेहमीसारखे आणि दुसऱ्या बाजूचे जवळपास दुप्पट वेगाने चालत असतील, तर त्या बाजूचा एखादा मोठा बल्ब गेलेला आहे असे धरून चालावे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर प्रवाह मोजत असतो आणि तो कमी पडला की मुद्दाम वेग वाढवून चालकाला सावध करतो. ही रिलेची बिघाडाची नव्हे, तर चोख काम केल्याची खूण आहे. जुन्या मोटारींतील द्विधातू पट्टीचा फ्लॅशर याच्या उलट वागतो. त्याची पट्टी बल्बच्या प्रवाहानेच तापून वाकते. त्यामुळे एक बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नाही आणि राहिलेला दिवा बहुधा संथपणे उघडझाप करतो किंवा नुसताच पेटून राहतो.

दोन्ही बाजू बंद असतील तर हझार्डचे बटण दाबून पाहावे. हझार्ड व्यवस्थित चालत असेल, तर बल्ब, त्यांच्या तारा आणि अर्थ ठीक आहेत, आणि दोन्हींसाठी एकच रिले असलेल्या मोटारीत रिलेही ठीक आहे, एवढे एका क्षणात सिद्ध होते. मग दोष चावीनंतरच्या फ्यूजमध्ये, दांडीच्या स्विचमध्ये किंवा खुद्द हझार्डच्या बटणात शोधावा. अनेक मोटारींत वळण्याच्या दिव्यांचा प्रवाह हझार्डच्या बटणाच्या संपर्कांतूनच जातो, आणि वर्षानुवर्षे न वापरल्याने ते संपर्क काळवंडतात. बटण दहा-बारा वेळा दाबून सोडल्यावर इंडिकेटर सुरू झाले, तर दोष सापडला असे समजावे. मात्र ही डागडुजी तात्पुरती असते, बटण बदलणेच योग्य. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी १५ अँपिअरचा निळा बसवणे हा उपाय नव्हे; त्याने तार तापते आणि आगीचा धोका निर्माण होतो. अशा वेळी डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी मागे सरकवून पाहावी. दार हजारो वेळा उघडल्या-मिटल्याने आतील तारांचे आवरण तिथेच फाटते आणि उघडी तांब्याची तार पत्र्याला टेकते.

बल्ब काढताना तो हलकेच दाबून फिरवावा लागतो. काच आतून काळी किंवा रुपेरी झाली असेल तर शंका उरत नाही. पण फिलामेंट एका टोकाला सुटूनही जागेवरच टेकलेला दिसतो, म्हणून मल्टिमीटरने (व्होल्ट, रोध वगैरे मोजणाऱ्या उपकरणाने) रोध मोजावा. थंड असलेल्या चांगल्या २१ वॉटच्या बल्बचा रोध जेमतेम एक ओम किंवा त्याहूनही कमी येतो. नवा बल्ब त्याच वॉटचा घ्यावा. दिव्यावरील आवरण, म्हणजे भिंग, पारदर्शक असेल तर त्यामागे नारिंगी काचेचा बल्ब असतो आणि त्याच्या तळाच्या दोन खुंट्या समोरासमोर नसतात. साधा पांढरा बल्ब तिथे चुकून बसू नये म्हणून केलेली ही सोय आहे, ती कानशीने घासून मोडू नये.

नवा बल्बही पेटला नाही तर होल्डरमध्ये डोकावावे. भिंगाचे रबर खराब झाले की पाणी आत शिरते, आणि पितळी पट्टीवर हिरवट, भुकटीसारखा थर चढतो. येथे मल्टिमीटर फसवू शकतो. बल्ब काढून मोजले असता गंजलेल्या जोडातूनही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही. बल्बचा भार पडताच तो विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. म्हणून अशा ठिकाणी फिलामेंटचा टेस्ट लॅम्प, म्हणजे तारा जोडलेला तपासणीचा छोटा दिवा, लावून पाहणे अधिक खात्रीचे ठरते.

अर्थ सुटल्याची लक्षणे सर्वांत जास्त गोंधळात टाकतात. इंडिकेटर लावताच मागचा पार्किंगचा दिवा मंद लुकलुकू लागतो, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर अडखळतो. परतीची नेहमीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून असे घडते. दिवा चालू असताना होल्डरच्या अर्थपासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंतचा दाब मोजावा. तो साधारण ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थचा स्क्रू काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा आणि पुन्हा घट्ट आवळावा.

फिलामेंटच्या बल्बऐवजी एलईडी बसवल्यावर वेग वाढण्याची तक्रार हमखास येते. एलईडी इतका कमी प्रवाह घेतो की फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखेच वाटते. यावर ६ ओमचा रोधक समांतर जोडण्याची पद्धत रूढ आहे. पण तो पेटलेला असताना सुमारे २ अँपिअर प्रवाह घेऊन २४ वॉट उष्णता निर्माण करतो, त्यामुळे तो प्लास्टिकला किंवा तारांना न टेकता पत्र्यावर बसवावा लागतो. सुटा रिले असलेल्या मोटारीत एलईडीसाठी बनवलेला फ्लॅशर घालणे हाच अधिक चांगला मार्ग आहे.

वळण संपल्यावर दांडी आपोआप परत येत नसेल, तर स्टिअरिंगच्या दांड्यावरील कडे किंवा स्विचची प्लास्टिकची जीभ तुटलेली असते. हा स्विच बदलताना स्टिअरिंग उतरवावे लागले, तर एअरबॅगमुळे काम जोखमीचे होते: बॅटरी सोडून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तिथे हात घालू नये, आणि अनुभव नसल्यास हे काम जाणकाराकडेच सोपवावे. नव्या मोटारींत सुटा रिलेच नसतो. बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे मोटारीची विद्युत उपकरणे सांभाळणारा संगणक, दिव्यांना थेट वीज देते आणि टिकटिक स्पीकरमधून ऐकू येते. तिथे स्कॅनरने दोषसंकेत वाचावे लागतात, तरी गंजलेला होल्डर आणि सैल अर्थ याही मोटारींत आधी तपासावे.

दुरुस्तीनंतर इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून आणि ब्रेक दाबून दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण सैल अर्थ पूर्ण भार पडल्यावरच उघडा पडतो. त्याच वेळी अर्ध्या मिनिटातील उघडझाप मोजावी. ती ३० ते ६० च्या दरम्यान आणि दोन्ही बाजूंना सारखी यावी.