'संवेदनशील' गाव ठरतं कसं? : पार्श्वभूमी

दुष्काळ मोजायची आपली जुनी रीत पिकापाशी सुरू होऊन पिकापाशीच संपते. इंग्रजी अमदानीतली आणेवारी पुढे पैसेवारी झाली, पण मोजणी तीच राहिली. गावाचं सरासरी पीक ५० पैशांच्या, म्हणजे नेहमीच्या चांगल्या पिकाच्या निम्म्याच्या, खाली आलं की सवलती मिळायच्या. दोन एकर कोरडवाहूवर जगणारं घर त्या सरासरीत दिसत नाही, आणि दावणीची जनावरं तर हिशेबातच नसतात. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यातले ८७ तालुके 'अवर्षणप्रवण' ठरले. हा शब्दही पावसाबद्दल बोलतो, माणसाबद्दल नाही.

शेतकरी किती तग धरेल हे मोजायचा प्रयत्न आपल्याकडे खऱ्या अर्थानं २०११ नंतर झाला. २०१३ मध्ये देशातल्या ५७२ ग्रामीण जिल्ह्यांची, हवामान बदलापुढे कोण किती संवेदनशील यानुसार, क्रमवारी लागली. तिच्यात ३८ निर्देशक तीन खणांत मांडले होते: हवामानाचा मारा किती, त्याची झळ किती लागते आणि सावरायची कुवत किती. तिन्ही मिळून एक आकडा.

हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २०१४ च्या जागतिक अहवालानं ही मांडणी मोडली. मारा बाहेर काढला, झळ आणि कुवत एकत्र ठेवली आणि या सगळ्यातून जी निघते ती 'जोखीम', असं ठरलं. देशाची २०१९ ची क्रमवारी या नव्या चौकटीत झाली. त्यामुळे एखादा जिल्हा २०१३ मध्ये कुठे होता आणि २०१९ मध्ये कुठे गेला, ही तुलना करून काही हाती लागत नाही. मराठीत तर गुंता दुहेरी आहे. तिन्ही खणांच्या एकूण आकड्याला आपण 'संवेदनशीलता' म्हणतो आणि त्यातल्या झळ या एका खणालाही तेच नाव देतो. 'अतिसंवेदनशील गाव' असं कागदावर आलं, तर तिथे पाऊस दगा देतो, जमीन हलकी आहे की लोकांकडे सावरायला काहीच नाही, हे कळत नाही. उपाय मात्र त्यावरच अवलंबून असतो. पहिल्याला पेरणीची तारीख आणि वाण बदलावं लागतं, तिसऱ्याला हातात पैसा लागतो.

जनावरांचा खण मला सर्वांत जास्त खटकतो. २०१३ च्या यादीत पशुधन कुवतीच्या बाजूला होतं. अडीनडीला शेळी विकता येते, म्हणून ते बरोबरच. पण चारा संपला, पाणी टँकरवर आलं की तीच दावण घरावरचा भार होते. एकाच वेळी सगळे विकायला निघाले की बाजारही पडतो. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या वर्षी चारा छावण्या उघडल्या त्या गाई, बैल आणि म्हशींसाठी. शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांना परवानगी मिळेपर्यंत उन्हाळा उजाडला होता. भूमिहीनाकडे आणि अत्यल्पभूधारकाकडे बहुधा शेळ्याच असतात.

२०१८ मध्येच राज्यात हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. १५ जिल्ह्यांतली सुमारे पाच हजार गावं त्यात आली. मोजणी जिल्ह्यावरून गावांच्या समूहापर्यंत उतरली, ही मोठीच गोष्ट. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्ह्यांतली ७,२०१ गावं आहेत, पण निवड अजून गावांचीच होते, घरांची नाही.