सालामांकाच्या कॅथेड्रलवरील अंतराळवीर किती जुना?

‘स्पेनमधील सालामांका शहराच्या कॅथेड्रलवर पाचशे वर्षांपूर्वीच अंतराळवीर कोरलेला आहे, म्हणजे परग्रहवासी तेव्हा येऊन गेले होते’, असा संदेश छायाचित्रासह वर्षानुवर्षे फिरत आहे.

छायाचित्र खरे आहे, आणि ‘नवे कॅथेड्रल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वास्तूचे बांधकाम १५१३ मध्ये सुरू झाले हेही खरे आहे. त्यामुळे वाचणाऱ्याचा विश्वास बसणे स्वाभाविकच. मात्र इमारतीचे वय हेच तिच्यावरील प्रत्येक दगडाचे वय असते, हे गृहीतक येथे चुकते. उत्तरेकडील पुएर्ता दे रामोस या दरवाजाचा झिजलेला दगड १९९२ मध्ये दुरुस्त करण्यात आला आणि त्या वेळी, आपल्या काळाची खूण म्हणून, कारागिरांनी वेलबुट्टीत हा अंतराळवीर कोरला. त्याच दरवाजावर हातात आइस्क्रीमचा कोन धरलेला एक राक्षसासारखा काल्पनिक प्राणीही आहे, ज्याचा उल्लेख संदेशात सहसा नसतो.

पडताळणी अवघड नाही. शिल्पातील शिरस्त्राण, नळ्या आणि जाड तळव्यांचे बूट विसाव्या शतकातील अंतराळपोशाखाशी मिळतेजुळते आहेत; इतक्या प्रगत परग्रहवासीयांनी नेमका तोच पोशाख वापरावा, हा योगायोग फारच मोठा ठरेल. शिवाय १९९२ पूर्वीच्या छायाचित्रांत हा दरवाजा पाहिला, तर अंतराळवीर त्यात दिसत नाही.

जुनेच कोरीव कुतूहल पाहायचे असेल, तर जवळच्या विद्यापीठाच्या सोळाव्या शतकातील दर्शनी भिंतीवर कवटीवर बसलेला बेडूक शोधावा. तो मात्र सहजासहजी सापडत नाही.