युनिया (नव्या करारातली)

युनिया ही पहिल्या शतकातली, रोममध्ये राहणारी ख्रिस्ती बाई, आणि तिच्याबद्दलची सगळी माहिती एका वचनात संपते, रोमकरांस पत्र १६:७. सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक पौल याने हे पत्र इ.स. ५७ च्या आसपास करिंथहून लिहिलं. शेवटी ओळखीच्या लोकांना सलाम सांगायची लांबलचक यादी आहे, त्यात अंद्रोनीक आणि युनिया यांच्याबद्दल तो म्हणतो की हे दोघं माझे नातलग, माझ्यासारखेच तुरुंगवास भोगलेले, प्रेषितांमध्ये (म्हणजे ख्रिस्ताचा संदेश घेऊन पाठवलेल्या लोकांमध्ये) नावाजलेले आणि माझ्याही आधी ख्रिस्ताला मानणारे. बरेच जण त्यांना नवरा-बायको धरतात, पण पौलाने तसं काही म्हटलेलं नाही.

आता गंमत अशी की हीच युनिया मधली कित्येक शतकं पुरुष होऊन बसली होती.

कारण ग्रीक व्याकरणात आहे. या वाक्यात नाव कर्म म्हणून येतं आणि त्याचं रूप होतं 'युनिआन', जे बाईचं नावही असू शकतं आणि 'युनियास' नावाच्या पुरुषाचंही, फरक फक्त डोक्यावरच्या आघातचिन्हाचा, आणि सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ही चिन्हं लिहायची पद्धतच नव्हती. म्हणजे चिन्ह कुठलं द्यायचं हे नंतरच्या माणसांनी ठरवलं. युनिया हे नाव रोमन शिलालेखांत अडीचशेच्या वर वेळा सापडतं, आणि युनियास? एकदाही नाही. तो कुठल्या तरी मोठ्या नावाचा शॉर्टफॉर्म असेल असा अंदाज करून काम चालवलं गेलं.

जुन्या लोकांना मात्र हा प्रॉब्लेम नव्हता. चौथ्या शतकातला धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम, ज्याची मातृभाषाच ग्रीक, तो सरळ सांगतो की या बाईची योग्यता केवढी असेल की तिला प्रेषित म्हटलं गेलं. आणि हा क्रिसोस्टम काही बायकांच्या बाजूने झेंडा घेऊन उभा राहणारा नव्हता, याजकपदाचं (धर्मगुरूचं) काम बायकांचं नाही असं त्यानेच लिहून ठेवलंय, म्हणून त्याची साक्ष मला जास्त वजनदार वाटते. पुरुष धरणाऱ्यांत आधी नाव येतं ते रोमच्या एजिडियसचं (मृत्यू १३१६). पुढे सोळाव्या शतकातला धर्मसुधारक मार्टिन लूथर याच्या जर्मन भाषांतरातही पुरुषच आला. १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये युनिया होती, पण विसाव्या शतकातल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी भाषांतराने तर 'नावाजलेले पुरुष' असा शब्दच घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाहीच. अभ्यासक वापरतात त्या नेस्लेच्या ग्रीक आवृत्तीत १९२७ साली पुरुषाचं चिन्ह आलं, ते १९९८ च्या छपाईत काढून परत बाईचं दिलं.

मग नवा वाद निघाला. २००१ मध्ये अभ्यासक मायकल बरर आणि डॅनियल वॉलेस यांनी मांडलं की बाई ठीक आहे, पण ती 'प्रेषितांमध्ये नावाजलेली' नसून 'प्रेषितांना चांगली माहीत असलेली' होती. एल्डन एप यांनी २००५ च्या पुस्तकात याला उत्तर दिलं. व्याकरणाचा वाद अजून चालू आहे आणि दोन्ही बाजूंना हुशार माणसं आहेत, पण युनियास पुरुष मानला जात होता तेव्हा तो प्रेषितांपैकी एक होता यावर फारसं कोणी हटकत नव्हतं, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्याच अध्यायात सुरुवातीलाच फिबी आहे, किंख्रिया इथल्या ख्रिस्ती मंडळीची (तिथल्या चर्चची) 'दियाकोनोस', म्हणजे सेवक किंवा सेवेचं पद असलेली व्यक्ती. हाच शब्द पौल स्वतःसाठीही वापरतो, पण फिबीच्या बाबतीत भाषांतरात त्याची बऱ्याचदा नुसती 'सेविका' होते. प्रिस्काचं नाव तिच्या नवऱ्याच्या, अक्विलाच्या, आधी येतं. दुसरीकडे १ तीमथ्य २:१२ मध्ये बाईने शिकवू नये असं स्पष्ट आहे (हे पत्र खुद्द पौलाचं नाही असं बरेच अभ्यासक मानतात). बायकांना याजकपदाची दीक्षा द्यावी की नाही या भांडणात एक बाजू युनियाला पुढे करते आणि दुसरी या वचनाला.

कॅथलिक चर्चने १९९४ मध्ये याजकपद पुरुषांनाच असं पुन्हा सांगितलं ते येशूने निवडलेले बारा शिष्य पुरुष होते या आधारावर, आणि युनिया त्या बारांत नाही. पण पौल 'प्रेषित' हा शब्द बारांपुरता ठेवत नाही, कारण तो स्वतःही त्या बारांतला नव्हता.